मधल्या भिंतीतल्या दाराला परवानगी लागत होती काय?

प्रति,
मा. मुख्याधिकारी,
नगरपंचायत कार्यालय, शिरगुंडी,
जि. सांगली.

अर्जदार : श्रीमती त्रिशला भरतेश मगदूम, रा. जुनी पेठ, मागील बोळ, घर नं. ४१८/ब, शिरगुंडी.

विषय : घर नं. ४१८/अ व ४१८/ब यांमधील भिंतीत दार पाडल्याबद्दल आलेल्या नोटिशीस उत्तर. व सदर दारास मुळात परवानगी लागत होती काय, याचा लेखी खुलासा मिळणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदारांचा गेल्या दसऱ्यानंतरचा चौकशी अर्ज व त्यापुढील स्मरणपत्रे. २) आपल्या बांधकाम विभागाची गेल्या आठवड्यातील नोटीस.

महोदय,

संदर्भ क्र. २ ची नोटीस अर्जदार त्रिशलाबाई यांना पोहोचली. त्यांनी ती सही करून घेतली आणि आणणाऱ्या शिपायाला ऊन होते म्हणून ताक दिले. अर्जदारांनी सामाईक भिंतीत विनापरवाना दार पाडले असून ते मुदतीत बुजवून भिंत पूर्ववत करावी, अन्यथा कारवाई करण्यात येईल, असे नोटिशीत नमूद आहे. दार पाडले, हे खरे आहे. ते नाकबूल करण्यासाठी हा अर्ज नाही. परंतु ते कशामुळे पाडले आणि त्याआधी काय घडले, यातले काहीच नोटिशीत आलेले नसल्याने ते आपल्यासमोर मांडणे भाग पडत आहे. त्रिशलाबाई सातवीपर्यंत शिकलेल्या आहेत. त्यांनी सांगितले तसे हे लिहून घेतले व त्यांना वाचून दाखवले आहे. ज्याचे बोलणे त्याच्याच शब्दांत राहू द्यावे, असा त्यांचा आग्रह असल्याने तसे ठेवले आहे.

सदर घर वर्धमान व भरतेश मगदूम या दोघा भावांनी हळदीच्या व्यापारात जम बसल्यावर एकत्र बांधले. तेव्हा त्याला एकच घरनंबर होता, आणि चूलही एकच होती. थोरल्या वर्धमान यांच्या पत्नी अक्काताई आणि धाकट्या भरतेश यांच्या पत्नी म्हणजे अर्जदार. त्रिशलाबाई लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना भाकरी थापता येत नव्हती. सासूबाईंच्या नजरेला पडू नये म्हणून अक्काताई स्वतःच्या भाकरी त्रिशलाबाईंच्या परातीत सरकवून ठेवत. पुढे दोघींची बाळंतपणे त्याच घरात झाली, अक्काताईंची मुले दोघींच्या मांडीवर वाढली. जावाजावांचे पटत नाही असे लोक म्हणतात. या दोघींचे पटले.

भावांचे मात्र बिनसले. जमिनीवरून नाही की पैशावरूनही नाही, सोसायटीच्या निवडणुकीवरून. दोघे दोन पॅनेलमधून उभे राहिले आणि दोघेही पडले. पडल्यावर दोघांनाही वाटले की आपल्याला भावानेच पाडले. बोलणे बंद झाले, आणि मग घराच्या मधोमध, सोप्यापासून स्वयंपाकघरापर्यंत, विटांची भिंत उभी राहिली. तिचा रीतसर नकाशा तेव्हा मंजूर करून घेण्यात आला व एका घराचे दोन नंबर झाले. ओट्याचा एक तुकडा इकडे आला, एक तिकडे गेला. वर्धमान यांचे दार पेठेच्या रस्त्यावर राहिले आणि भरतेश यांचे मागच्या बोळात. दोन्ही स्वयंपाकघरांना पाणी एकाच टाकीचे असल्याने नळाचा पाइप भिंतीतून नेला होता. त्याच्या भोवती गवंड्याने हातभर उंचीवर भोक ठेवले ते कोणी लिंपलेच नाही. नवरे दुकानावर गेले की दोघी जावा त्या भोकाशी बसून बोलत.

भरतेश वारले तेव्हा वर्धमान पेठेतून वळसा घालून आले, बोळाच्या तोंडाशी उभे राहिले आणि लहान मुलासारखे रडले. पुढे तेही गेले. मुले शिक्षणानोकरीला बाहेर पडली. अक्काताईंचा मुलगा अरिहंत हैदराबादला असतो, मुलगी प्रीती चिकोडीकडे दिली आहे. त्रिशलाबाईंना मूल राहिले नाही. एक होते, ते लहानपणीच गेले. अशा दोघी विधवा भिंतीच्या दोन बाजूंना राहू लागल्या. भांडणारे गेले तरी भिंत राहिली, कारण तिच्याकडे आता कोणी भिंत म्हणून पाहतच नव्हते. संध्याकाळी दिवस मावळायच्या आत दोघी आपापले ताट घेऊन त्या भोकाशी बसत आणि बोलत बोलत जेवत. मावळल्यानंतर अन्न नाही, पाणी नाही, हा अक्काताईंचा नेम लहानपणापासूनचा होता.

गेल्या वर्षी श्रावणात अक्काताई मोरीत घसरून पडल्या. त्रिशलाबाईंना भिंतीतून आवाज आला. त्या बोळातून, बस्तीच्या म्हणजे जैन मंदिराच्या मागून, गिरणीवरून वळसा घेत पेठेत पोहोचल्या. गुडघे दुखत असल्याने त्यांना धावता येत नाही. दाराला आतून कडी होती. समोरचे गिरणीवाले आप्पासो यांनी खांदा लावून दार मोडले, म्हणून निभावले. मिरजेला शस्त्रक्रिया झाली, खुब्यात सळई बसली, आणि अक्काताई वॉकर घेऊन घरी आल्या. अरिहंतने काळजीपोटी मोडक्या दाराच्या जागी मजबूत लोखंडी दार बसवून दिले. पेठेत चोऱ्या होत होत्या, म्हणून ते आतूनच लावायचे केले. हैदराबादला या, असे तो आईला म्हणालाही. त्यावर अक्काताई म्हणाल्या, "तितं भिंतीपल्याड कोण हाय रं माजं?"

त्याच सुमारास अक्काताईंनी दाराचा विषय काढला. भोकाशी बसून त्या म्हणाल्या, "त्रिशला, दोघांच्या हट्टानं भिंत आली. आता आपल्या गुडघ्यांसाठी एक दार पाडू या गं."

त्रिशलाबाईंना आधी हसू आले, मग डोळ्यांना पदर लावावा लागला. त्या म्हणाल्या, "आवं अक्का, हे आपल्याला आदी कसं सुचलं न्हाई?"

जतकडचा जोतीराम गवंडी पेठेत कामाला येतो, त्याला बोलावले. त्याने भिंत ठोकून पाहिली, वर नजर टाकली आणि सांगितले, "स्लॅबचा भार हिच्यावर न्हाई, बीमवर हाय. नुसती आडभिंत. दिसाभराचं काम." त्याने दोन्ही बाजूंना विटकरीच्या तुकड्याने दाराची चौकट आखूनही दिली. जाताजाता म्हणाला, "पर मावशी, नगरपंचायतीत इचारून घ्या. मागं एकाची गॅलरी वाढवली तर नोटीस मालकाला आन् बोलणी मला."

अक्काताई पलीकडून म्हणाल्या, "बरोबर हाय त्येचं. इचारायला काय जातंय?"

म्हणून त्रिशलाबाई आपल्या कार्यालयात आल्या. बांधकाम विभागातले लिपिक नानासो यांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले. ऐकून घेऊन म्हणाले, "घरातल्या घरात दार पाडायला काय लागत न्हाई मावशी. जावा खुशाल." त्रिशलाबाई जिना उतरत होत्या, तेवढ्यात नानासोंनीच त्यांना हाक मारून परत बोलावले. आतल्या साहेबांनी उतारा पाहिला होता. घर एक नसून दोन आहेत, भिंत मंजूर नकाशातली आहे, तेव्हा हे घरातले दार होत नाही, असे साहेबांचे म्हणणे पडले. मग ते कशातले होते, असे विचारता साहेब म्हणाले, तेच ठरवावे लागेल. तुम्ही लेखी विचारा. त्याप्रमाणे संदर्भ क्र. १ चा अर्ज देण्यात आला. त्यात एकच प्रश्न होता : या दाराला परवानगी लागते काय? परवानगी मागितलेली नव्हती, हे कृपया लक्षात घ्यावे. लागते की नाही एवढेच विचारले होते.

त्यावर जुना नकाशा जोडण्यास सांगण्यात आले. नकाशा भरतेश यांच्या ट्रंकेत सापडला, जोडला. त्यानंतर शेजारील मिळकतधारकाची संमती मागण्यात आली. शेजारील मिळकतधारक अक्काताई वॉकर घेऊन रिक्षाने कार्यालयात आल्या. जिना चढता येईना, म्हणून खालीच पायरीवर बसल्या. नानासो कागद घेऊन खाली आले आणि मान खाली घालून म्हणाले, "मावशी, मिळकत अजून वर्धमान अण्णांच्याच नावावर दिसतीया. अण्णांची सही लागंल."

अक्काताई म्हणाल्या, "ते गेले की रं बाबा."

"ठावं हाय मावशी. मी मातीला आलो हुतो. पर कागदावर हाईत."

वारसनोंदीसाठी अरिहंत व प्रीती यांच्या सह्या हव्या झाल्या. अरिहंत फोनवर म्हणाला, "काकी, पाडा की दार. मला कशाला विचारायचं?" पण फोनवरचे बोलणे फाइलला लागत नाही. तो दिवाळीला आला तेव्हा कार्यालयाला सुट्टी होती. संमती लिहून, सही करून, तो परत गेला. प्रीती सही करायला आली तेव्हा साहेब प्रशिक्षणाला गेले होते. संक्रांतीनंतर साहेब स्वतः घर पाहायला आले. सज्जन माणूस. दोन्ही स्वयंपाकघरे पाहिली, अक्काताईंच्या हातचा तिळगूळ घेतला, जोतीरामने आखलेल्या चौकटीवर हात ठेवून म्हणाले, "खरं सांगू का आजी, माझ्या मते याला परवानगी लागत नाही."

"मग तेवढं लिवून द्या," अक्काताई म्हणाल्या.

"लागत असती तर लिहून दिली असती. लागत नाही असं लिहून द्यायचा अधिकार मला नाही. वरून मार्गदर्शन मागवतो."

त्रिशलाबाई त्या दिवशी म्हणाल्या होत्या, की अक्का, साहेब तोंडाने बोलला, आपण पाडून घेऊ. अक्काताई नको म्हणाल्या. त्यांचे म्हणणे असे की, ही भिंत घालताना दोघा भावांनी एकमेकांचे ऐकले नाही. आता दार पाडताना तरी कोणाला बोट दाखवायला जागा राहू नये. उद्या पोराला त्रास नको. थोडे थांबू. मार्गदर्शन यायच्या आत निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि साहेब त्या कामावर गेले. त्रिशलाबाईंनी हेलपाटे घातले. प्रत्येक वेळी नानासोंनी खुर्ची दिली. अक्काताईंनी तोवर आपल्या बाजूने चौकटीसमोरचे डबे, फडताळ, सगळे हलवून जागा मोकळी करून ठेवली होती. मार्गदर्शन आले नाही.

आता चैत्रातल्या त्या संध्याकाळचे सांगणे आहे.

दोघी नेहमीप्रमाणे जेवायला बसणार होत्या. अक्काताई ताट घेऊन भिंतीकडे येताना वॉकरचा पाय मोकळ्या केलेल्या जागेत पडलेल्या पाण्यावरून सटकला. ताटाचा आवाज झाला, मग पडल्याचा. त्या अगदी भिंतीच्या पायथ्याशी, आखलेल्या चौकटीच्या खाली पडल्या होत्या.

"अक्का! अक्का वं!"

"हाय. हाय गं. उटता येत न्हाई. डोक्याला लागलंय."

त्रिशलाबाईंनी फोनवरून आप्पासोंची सून साक्षी हिला हाक दिली आणि स्वतः पेठेकडे जायला निघाल्या. भोकातून आवाज आला, "जाऊ नगंस. हितंच बस." म्हणून त्या बसल्या. पलीकडे आप्पासो व शेजारी लोखंडी दाराशी झटत होते. ते हलले नाही. खिडक्यांना गज, गच्चीच्या दाराला आतून कुलूप. वीज गेलेली, त्यामुळे वेल्डिंगवाल्याचे मशीन चालेना; गॅसचा कटर आणायला साक्षीचा नवरा हायवेवर गेला. त्रिशलाबाईंनी कोपऱ्यातली पहार उचलली आणि भिंतीवर घाव घातला. दुसरा घालायच्या आत त्यांच्या ध्यानात आले, की विटा पलीकडे पडल्या तर त्या अक्काताईंच्या अंगावर पडतील. महोदय, भिंत पाडायची होती आणि पाडता येत नव्हती. मग त्यांनी पाइपाच्या भोकाभोवतीचा चुना पहारीच्या टोकाने उकरून वीट आपल्या बाजूला ओढून काढायला सुरुवात केली. एक निघाली. दुसरी निघाली. नखे गेली. हात खांद्यापर्यंत आत जाईल एवढी जागा झाली. त्यांनी हात घातला. बोटांना अक्काताईंचे केस लागले, आणि ते ओले होते.

अक्काताईंनी पाणी मागितले. मग स्वतःच थांबल्या आणि विचारले, "दिस मावळला का गं?"

त्रिशलाबाईंच्या खिडकीबाहेर अंधार पडला होता. बस्तीतली आरती होऊन गेली होती. त्या म्हणाल्या, "न्हाई अक्का. हाय अजून. ऊन हाय बोळात. प्या तुमी."

जन्मभर त्या अक्काताईंशी खोटे बोलल्या नव्हत्या. भांड्यातले पाणी त्यांनी तळहाताच्या खळग्यात घेऊन भोकातून खाली सोडले. ते तोंडात गेले की जमिनीवर, हे अर्जदारांना सांगता येत नाही. अक्काताई "गोड हाय" असे म्हणाल्या, एवढे त्यांनी ऐकले. मग दोघींनी मिळून णमोकार मंत्र म्हणायला सुरुवात केली. म्हणता म्हणता त्रिशलाबाईंच्या लक्षात आले की आवाज एकच येतो आहे. तरी त्यांनी थांबवले नाही. कटर आला, दार कापले, माणसे आत धावली, साक्षीने पलीकडून त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "काकी, हात काढा आता." तेव्हा त्यांनी हात काढला.

लवकर दवाखान्यात नेले असते तर काय झाले असते, असे त्रिशलाबाईंनी डॉक्टरांना विचारले. डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्याचा अर्थ काय घ्यायचा हे त्यांना अजून कळलेले नाही.

सगळे विधी उरकल्यावर अरिहंतने स्वतः जोतीरामला बोलावले. जोतीराम आला, भिंतीसमोर उभा राहिला, आणि हातोडी हातात घेऊनही त्याला ती उचलवेना. "मीच म्हणलो हुतो मावशी, इचारून घ्या म्हणून."

त्रिशलाबाई म्हणाल्या, "तुजं काय चुकलं न्हाई रं. नीट तेच सांगितलंस. पाड आता."

विटा अरिहंतने वाहिल्या. संध्याकाळपर्यंत दार झाले. जोतीराम म्हणाला होता तसे, दिवसाभराचेच काम निघाले.

आषाढात आपल्या कार्यालयात बदलीवर आलेले नवे अभियंता टेप घेऊन आले. जुन्या अर्जावर स्थळपाहणीचा शेरा होता, तो पूर्ण करण्यासाठी. त्यांनी दाराची उंची-रुंदी मोजली आणि विचारले, "दार तर पाडलंय. मग परवानगी लागते का म्हणून अर्ज कशाला दिलाय?"

"दिला तवा पाडलं नव्हतं," त्रिशलाबाई म्हणाल्या.

"आणि या दुसऱ्या मिळकतधारक कुठं आहेत?"

त्रिशलाबाईंनी भिंतीवरच्या फोटोकडे बोट केले. अभियंत्यांनी टेप गुंडाळला, पायातले बूट बाहेर जाऊन काढून आले, आणि फोटोला नमस्कार केला. माणूस वाईट नव्हता. नोटीस त्यानंतर आली.

महोदय, अर्जदारांना नुकसानभरपाई नको. कोणाची चौकशी किंवा बदली नको. नानासोंना तर मुळीच त्रास होऊ नये, त्यांनी नेहमी खुर्ची दिली. दार बुजवण्याचा आदेश कायम राहिल्यास अर्जदार दंड भरतील, परंतु स्वतःच्या हाताने त्यात वीट लावणार नाहीत. आपले कर्मचारी येऊन बुजवणार असतील तर अडवणारही नाहीत. अरिहंत व प्रीती यांची दारास संमती असून ती सोबत जोडली आहे. तरी नोटीस मागे घ्यावी, ही पहिली विनंती.

दुसरी विनंती हीच मुख्य आहे. दसऱ्यानंतरच्या अर्जाचे उत्तर द्यावे. अक्काताई गेल्याने अर्ज निकाली निघाला, असे कृपया समजू नये. परवानगी लागत होती, असे आपण लिहून कळवलेत, तर कायदा आडवा होता म्हणून आपण थांबलो, एवढे तरी त्रिशलाबाई स्वतःला सांगू शकतील. लागत नव्हती, असे कळवलेत, तर ते त्यांना सोसवेल की नाही हे त्यांना माहीत नाही. शेजारीपाजारी म्हणतात की आता विचारून काय उपयोग, मनाचा समज करून घ्या. पण एका बाजूने समज करून घ्यायला गेले की दुसरी बाजू उभी राहते, आणि रोज ताट पुढे घेतल्यावर घास अडतो. दोहोंपैकी जे खरे असेल ते सांगावे. ते कितीही कडू असले तरी त्या ऐकून घेतील. एकदा अंधारात ऊन आहे असे त्यांनी सांगितले. तसे त्यांना कोणी सांगू नये.

आपल्या एका ओळीची वाट पाहणारी,

(सही)
श्रीमती त्रिशला भरतेश मगदूम

शिरगुंडी, श्रावण शुद्ध पंचमी

सोबत : नोटिशीची प्रत, पूर्वीच्या अर्जांच्या पोचपावत्या, वारसांचे संमतिपत्र, कै. अक्काताई वर्धमान मगदूम यांच्या मृत्यू दाखल्याची प्रत.